उठावणा नसलेले दुःख

आपल्या व्यापारी घरांत मृत्यूनंतर काय करावे हे कोणास शिकवावे लागत नाही. वार्ता येताच दुकान बंद होते, नातलगांना निरोप जातात, ठरल्या दिवशी उठावणा होतो. पांढऱ्या चादरीवर माणसे दाटीवाटीने बसतात, गेलेल्या व्यक्तीचे गुण सांगितले जातात, नवकार म्हटला जातो आणि घरच्यांच्या खांद्यावर हात ठेवून मंडळी उठतात. या रीतीत काही भाग केवळ लोकाचाराचा असेल. परंतु तिने एक मोठे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. दुःख कोणाचे आहे हे ती चारचौघांत जाहीर करते आणि त्या दुःखाला दिवस, वेळ व जागा नेमून देते.

मात्र एक व्यक्ती अशी असते की जिने त्या माणसाच्या ओठांना शेवटचे पाणी लावले, रात्रभर त्याचा श्वास मोजला, प्राण गेल्यावर त्याचे डोळे मिटले. आणि तरीही त्या चादरीवर तिला जागा नसते. ती म्हणजे परिचारिका. मृत्यूनंतर थोड्याच वेळात त्याच खाटेवर स्वच्छ चादर घातली जाते, दुसरा रुग्ण येतो आणि तिला नवी सलाईन जोडायची असते. तिने रडावे कोठे आणि कोणाजवळ? हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. तो आमच्याच घरात, आमच्याच पुतणीच्या रूपाने समोर येऊन बसला.

पेठेतील घर आणि पांढरा गणवेश

आमचे घर तळेगाव ढमढेऱ्याचे. वेळ नदीच्या काठचे हे शिरूर तालुक्यातील गाव जुन्या बाजारपेठेचे. आमचे दुकान भुसार आणि किराण्याचे. मुलांनी गल्ल्यावर बसावे, मुलींनी बी. कॉम. करावे, असा घराचा शिरस्ता. पुतणीने बारावीनंतर जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम निवडला तेव्हा घरात बरेच दिवस कुरबूर चालली. आपल्या घरची मुलगी परक्या माणसांचे मळमूत्र काढणार, रात्री-अपरात्री ड्युटी करणार, मग स्थळे कशी येणार, असे सारे बोलून झाले.

हे आक्षेप नवे नाहीत. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभारले. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी मराठी घरांतील स्त्रिया पाठवण्याचा प्रयत्न पुढे या संस्थेने केला, तेव्हा हेच प्रश्न अधिक कठोर भाषेत विचारले गेले होते. त्या काळी या मार्गावर आलेल्या स्त्रियांत विधवांचा भरणा मोठा होता. स्वतः रमाबाईही १९०१ पासून वैधव्याचे दुःख वाहत होत्या. स्वतःचे दुःख उराशी असलेल्या स्त्रियांनी परक्यांच्या वेदनेजवळ बसण्याचे शिक्षण घेतले, हे आपल्या पुण्याच्या इतिहासातील एक शांत पण मोठे पान आहे.

पुतणीने अभ्यास पूर्ण केला. नोंदणी झाली, शहरातील एका मोठ्या रुग्णालयात नोकरी लागली. पहिल्या पगारातून तिने आजीसाठी शाल आणली आणि घरातील कुरबूर आपोआप थांबली. आम्हांला वाटले, प्रश्न संपला. खरा प्रश्न तर तेथूनच सुरू व्हायचा होता.

पहिला मृत्यू

नोकरीला तीन महिने झाले होते. तिच्या वॉर्डात एक वृद्ध बाई नऊ दिवसांपासून होती. ती हिला नावाने हाक मारत नसे, "पोरी" म्हणत असे. वेणी घालून दे म्हणून हट्ट करी. दहाव्या रात्री तिची प्रकृती एकाएकी ढासळली. डॉक्टर धावून आले, छातीवर दाब देण्याचे प्रयत्न झाले. पण पहाटेच्या सुमारास सारे थांबले. त्यानंतरचे काम हिच्याकडे आले. नळ्या काढणे, अंग पुसणे, हनुवटी बांधणे, मनगटावर ओळखपट्टी लावणे, कागदावर वेळ लिहिणे. या कामाचे धडे तिने वर्गात गिरवले होते. आदल्या संध्याकाळी आपणच घातलेली वेणी सोडवावी की तशीच ठेवावी, हे मात्र कोणत्याही धड्यात नव्हते.

ती सकाळी शिक्रापूर फाट्यावर उतरून घरी आली. आईने विचारले, "काय खाशील?" वडील गल्ल्यावर होते. तिने "काही नको" म्हणून दार लावून घेतले. पुढचे तीन आठवडे आम्ही सर्वांनी पाहिले, पण समजून कोणीच घेतले नाही. ती झोपेतून दचकून उठे, कारण कानांत मॉनिटरचा गजर वाजे. इंजेक्शनची मात्रा बरोबर दिली होती ना, हे तिला घरी आल्यावर पुन्हा पुन्हा आठवे आणि ती मैत्रिणीला फोन करून वहीत पाहायला सांगे. ड्युटीला निघताना बस वाघोलीच्या पुढे गेली की पोटात कालवाकालव होई.

आम्ही काय केले? जे सारे करतात तेच. तिच्या वडिलांनी म्हटले, "झेपत नसेल तर सोड. दुकान आहे ना आपले." एका नातलगांनी समजावले, "ज्याचे त्याचे कर्म, बेटा. आर्तध्यान करू नये." मी स्वतः म्हणाले, "एवढे मनाला लावून घेतलेस तर नोकरी कशी करशील?" हेतू तिघांचाही चांगला होता. पण या तीनही वाक्यांचा अर्थ एकच होता, की तुझे हे दुःख आम्हांला दाखवू नकोस.

शेवटी बोलत्या झाल्या त्या आमच्या सासूबाई. एका संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपून त्या तिच्याजवळ बसल्या आणि एवढेच विचारले, "ती बाई कशी होती गं?"

मुलगी आजीकडे पाहतच राहिली. मग बोलू लागली. नाव नाही, गाव नाही, आजार नाही. तो संयम तिच्या शिक्षणात मुरलेला होता. फक्त वेणीची गोष्ट, "पोरी" ही हाक, पाण्याचा शेवटचा घोट. बोलता बोलता ती रडली, आणि आजीने तिला गप्प केले नाही. त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात, दोनच माणसांचा का होईना, पण उठावणा झाला.

ज्या शोकाला मान्यता नाही

पुढे मी या विषयावर जे मिळेल ते वाचले. अमेरिकेतील केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ मध्ये एक विचार मांडला. जो शोक समाज मान्यच करीत नाही, ज्याला उघडपणे व्यक्त होण्याची सोय नाही, तो माणसाला अधिक एकटे पाडतो. परिचारिकेचा शोक अगदी असाच आहे. ती नातलग नाही, म्हणून तिला सुतक नाही. ती नोकरीवर आहे, म्हणून तिला रजा नाही. ती "सिस्टर" आहे, म्हणून तिने खंबीर असलेच पाहिजे.

त्याहून जुना एक अभ्यास लंडनमधील आहे. इझाबेल मेंझीज या मनोविश्लेषक स्त्रीने १९६० च्या सुमारास एका शिक्षण-रुग्णालयातील परिचारिकांची घालमेल जवळून पाहिली. तेथे परिचारिकांना रुग्णाचा लळा लागू नये अशीच सारी व्यवस्था होती. त्यांना वारंवार एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवले जाई, एका रुग्णाची कामे अनेकींत वाटली जात, आणि रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने होई. लळाच नसला तर दुःखही होणार नाही, असा त्यामागील हिशेब. प्रत्यक्षात घडले उलटे. चिंता कमी झाली नाहीच, पण कामातील समाधान मात्र गेले. शिकाऊ परिचारिकांपैकी सुमारे एक तृतीयांश शिक्षण अर्धवट सोडून गेल्या.

मन दगडाचे करा, हा सल्ला आपणही किती सहज देतो! परंतु जी रुग्णाचा लळा लावून घेणार नाही, ती रात्री तीन वाजता त्याच्या श्वासातला बारीक बदल तरी कशी ओळखणार? उत्तम सेवा आणि दुःख ही एकाच मुळाची दोन फळे आहेत. दुःख उपटायला गेलो तर सेवाही सुकते.

केईएममधील एक खोली

लळा लावून, दुःख पचवून, वर्षानुवर्षे सेवा कशी होते याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग नावाची पंचवीस वर्षांची परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच तिच्यावर अमानुष हल्ला झाला आणि तिच्या मेंदूला कायमची इजा पोहोचली. त्यानंतर ती बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयातील वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या खोलीत होती. तिची सेवा केली ती तेथील परिचारिकांनी. इतक्या दीर्घ काळ खाटेला खिळलेल्या त्या देहावर शय्याव्रण होऊ न देणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळलेल्या प्रत्येकाला कळेल. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मधील आपल्या निकालात या सेवेचा गौरवाने उल्लेख केला. दयामरणाची याचिका फेटाळताना, अरुणाचे खरे जवळचे लोक म्हणजे हे रुग्णालयातील कर्मचारीच होत, असे न्यायालयाने मानले.

या कथेकडे आपण सहसा त्यागाची कथा म्हणून पाहतो. मला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. अरुणाला सांभाळण्याचा भार कोणा एकीवर नव्हता. नव्याने शिकायला येणाऱ्या परिचारिकांना तिच्याजवळ नेऊन तिची ओळख करून दिली जाई. ही आपल्यातलीच आहे, असे सांगितले जाई. जुन्या परिचारिका निवृत्त होत, नव्या ती जागा घेत. १ जूनला तिचा वाढदिवस होई. म्हणजे ज्या घटनेच्या केवळ आठवणीने कोणतीही नवी मुलगी रात्रपाळीला घाबरली असती, ती घटना त्यांनी लपवली नाही. भय आणि दुःख दोन्ही वाटून घेतले, आणि वाटून घेतले म्हणूनच ते बेचाळीस वर्षे वाहता आले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले, तेव्हा त्या परिचारिका घरचे माणूस गेल्यासारख्या रडल्या आणि त्यांच्या रडण्याला सर्वांनी मान दिला. परिचारिकेच्या दुःखाला असा उघड उठावणा क्वचितच लाभतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टल्स नावाच्या परिचारकाने एक साधी प्रथा सुरू केली. रुग्ण दगावल्यावर खोलीतील सर्वांनी लगेच पांगू नये. मिनिटभर स्तब्ध उभे राहावे, गेलेल्या माणसाचे आणि त्याच्यासाठी झटलेल्या हातांचे स्मरण करावे, मग कामाला लागावे. पुढे अन्य रुग्णालयांनीही ती स्वीकारली. या प्रथेला पैसा लागत नाही. आपल्या समाजातील अनेक दानशूर मंडळी रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. यंत्रे आणि खाटा देताना, आपल्या रुग्णालयात हे एक मिनिट पाळले जाते का, हेही त्यांनी विचारावे.

भीती हा दोष नव्हे

दुःखाबरोबर नव्या परिचारिकेला छळते ती चूक होण्याची भीती. १९७४ मध्ये मार्लिन क्रेमर यांनी या अवस्थेवर पुस्तकच लिहिले. शिक्षण संपवून आलेली मुलगी प्रथम हरखून जाते. मग वर्गातील आदर्श आणि वॉर्डातील घाई यांतील अंतर पाहून तिला धक्का बसतो. मग हळूहळू ती सावरते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या सांगितल्या. नवखी मुलगी नियमाला घट्ट धरून चालते. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे गेल्यावर तिला स्वतःचा अंदाज येऊ लागतो. म्हणजे पहिल्या वर्षात हात थरथरणे हे नालायकीचे लक्षण नाही. ती त्या पायरीची खूण आहे.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, हे पाच निकष नवी परिचारिका प्रत्येक औषधापूर्वी मनात म्हणते. शंका आली तर इन्चार्ज सिस्टरला विचारणे, जोखमीचे औषध दुसऱ्या परिचारिकेकडून तपासून घेणे, यात कमीपणा नाही. आपल्या दुकानात नवा मुनीम मोठी रक्कम दुसऱ्याकडून मोजून घेतो तेव्हा आपण त्याला शहाणाच म्हणतो.

आमच्या पुतणीला उपयोगी पडलेला उपाय आपल्या पेढीवरचाच आहे. दिवस कितीही दमवणारा असो, रोजमेळ लिहिल्याशिवाय जुना व्यापारी उठत नसे. न जुळलेली रक्कम पुढच्या दिवसावर ढकलली की घोळ वाढतो, हे त्याला ठाऊक होते. तिने तसेच ड्युटी संपताना एका वहीत तीन ओळी लिहायला सुरुवात केली. आज काय घडले, मी काय केले, माझ्या हातात काय नव्हते. तिसरी ओळ लिहिणे तिला सर्वांत जड गेले, आणि तिचाच उपयोग सर्वांत अधिक झाला.

तरीही केवळ वहीने आणि आजीने भागले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. झोप पूर्ववत होईना, तेव्हा ती समुपदेशकाकडे गेली. आरंभी हे बाहेर कळू नये असे घरात वाटत होते. आज तसे वाटल्याची खंत वाटते. झोप, भूक आणि कामावरील लक्ष दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, किंवा जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले, तर वेळ न दवडता तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

घराने काय करावे

रात्रपाळीहून आलेल्या मुलीच्या झोपेचे रक्षण करावे. दिवसा आलेल्या पाहुण्यांसाठी तिला उठवू नये. तिला काय खाशील हे जरूर विचारावे, पण रात्र कशी गेली हेही विचारावे. आणि ती बोलली तर उपदेश न करता ऐकावे. रुग्णाचे नाव-गाव तिच्याकडून काढून घेण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. ऐकायचे आहे ते तिच्या मनाविषयी. नोकरी सोडावी की ठेवावी हा निर्णय थकलेल्या सकाळी घेऊ नये, आणि तो तिच्या वतीने घरानेही घेऊ नये.

आर्तध्यान करू नये, हे खरेच आहे. पण आर्तध्यान वाढते ते मनातल्या मनात घोळवल्याने. म्हणूनच आपल्या परंपरेत प्रायश्चित्ताच्या प्रकारांत आलोचनेला, म्हणजे मनात आहे ते विश्वासाच्या माणसापुढे सरळ बोलण्याला, पहिले स्थान आहे. रुग्णसेवेला आपण वैयावच्च म्हणतो आणि तिची गणना आभ्यंतर तपात करतो. मात्र तपही शक्तीप्रमाणे करावे असे शास्त्रच सांगते. उपवास करणाऱ्याच्या पारण्याची चिंता सारे घर वाहते. सेवेचे तप करणाऱ्या मुलीच्या पारण्याची चिंताही घरानेच वाहायला नको का?

आणखी एक गोष्ट स्वतःलाच विचारण्याजोगी आहे. आपले माणूस अत्यवस्थ असते तेव्हा आपला सगळा संताप कोणावर निघतो? मोठ्या डॉक्टरांवर नाही. समोर उभ्या असलेल्या सर्वांत तरुण परिचारिकेवर. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. पण कायद्याच्या कक्षेत न येणारे कठोर शब्दही रात्रभर टोचत राहतात. तीही कोणाच्या तरी घरची मुलगी आहे, हे आम्हांला आमच्या घरची मुलगी त्या जागी उभी राहिली तेव्हा उमगले. ते आधीच उमगायला हवे होते.

आमची पुतणी आजही त्याच रुग्णालयात आहे. भीती पूर्ण गेलेली नाही. काही रात्री अजून जड जातात. परवा ती सकाळी घरी आली आणि पायरीवरच बसून राहिली. तिच्या वडिलांनी गल्ला मुलाच्या हाती दिला, दुकानातून उठून आले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "कोण होते?"

"एक काका होते," ती म्हणाली, "सारखे हिशेब विचारायचे."

दुकानात दोन गिऱ्हाईके थांबली होती. ती थांबून राहिली.